एक जुलैचे दोन कायदे

गोव्यातील कौटुंबिक मालमत्तेच्या कोणत्याही कज्जाच्या मुळाशी जायचे ठरवले, तर माणूस हटकून १८६७ सालच्या पोर्तुगीज नागरी संहितेपाशी येऊन पोहोचतो. ही संहिता १ जुलै १८६७ च्या कायद्याने पोर्तुगालमध्ये मंजूर झाली, १८६९ च्या हुकुमाने तिचा अंमल समुद्रापलीकडच्या प्रांतांपर्यंत वाढवला गेला आणि १ जुलै १८७० पासून ती गोव्यात लागू झाली. लग्नानंतर पती-पत्नी एकमेकांच्या मालमत्तेचे निम्मे वाटेकरी होणे, जमीन विकायची तर दोघांच्याही सह्या लागणे, मुलीला मुलाइतकाच वाटा मिळणे, हे सारे आमच्याकडे इतके अंगवळणी पडले आहे की, शेजारच्या सिंधुदुर्गात सून म्हणून गेलेल्या मुलीला तिथले नियम वेगळे आहेत हे कळते तेव्हाच तिला आपल्या घरचा कायदा म्हणजे काय ते उमगते. वारसाहक्काचा मोठा भाग आता राज्याच्या स्वतःच्या कायद्यात आला असला, तरी त्याचा पाया तोच जुना आहे. या संहितेचे कौतुकही सतत होत असते. सप्टेंबर २०१९ मधील एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने समान नागरी कायद्याचे उज्ज्वल उदाहरण म्हणून गोव्याकडे बोट दाखवले, आणि ते वाक्य आमच्या बार रूममध्ये कितीतरी दिवस अभिमानाने उच्चारले जात होते.

माझी वकिली दिवाणी बाजूची. इन्व्हेंटरी म्हणजे मृताच्या मालमत्तेची यादी आणि वाटप, वाटण्या, दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकारांचे दावे, क्वचित एखादा घटस्फोट, यांतच माझे आयुष्य गेले. फौजदारी न्यायालयाची पायरी मी फारशी चढले नाही. परंतु जुन्या कायद्यांचे संग्रह चाळताना एक गोष्ट नजरेस आली आणि तिने मला पुढे बरेच वाचायला लावले. ज्या दिवशी नागरी संहितेवर राजा लुईश पहिला याची सही झाली, त्याच १ जुलै १८६७ या तारखेचा आणखी एक कायदा आहे. दंडव्यवस्था आणि तुरुंग यांच्या सुधारणेचा तो कायदा. त्याने मुलकी, म्हणजे लष्करी नसलेल्या, गुन्ह्यांसाठीची देहान्ताची शिक्षा रद्द केली. राजकीय गुन्ह्यांसाठीची फाशी पोर्तुगालने त्याआधी, १८५२ मध्येच, काढून टाकली होती. पुढे ९ जून १८७० च्या हुकुमाने ही सुधारणाही समुद्रापलीकडच्या प्रांतांना लागू झाली. म्हणजे १८७० च्या पावसाळ्यात, अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने, गोव्यात दोन्ही कायदे उतरले. एकाने घरातल्या माणसांचे परस्परांवरचे हक्क ठरवले आणि दुसऱ्याने राज्याचा माणसाच्या जिवावरचा हक्क काढून घेतला.

पहिला कायदा आपण मुक्तीनंतरही राखला. दुसरा गेला, आणि तो गेल्याची साधी नोंदही सार्वजनिक स्मृतीत उरली नाही. मला ही गोष्ट अस्वस्थ करते, आणि ती का अस्वस्थ करते हे सांगायचे तर १८७० च्या आधी या भूमीत शिक्षा म्हणजे काय होते, तिथपर्यंत मागे जावे लागते.

जुने गोवे येथे महामार्गाच्या कडेला काळ्या बेसाल्टचा एक खांब चौथऱ्यावर उभा आहे. गोव्यात त्याला हातकातरो खांब म्हणतात. त्याची घडण देवळाच्या खांबाची आहे आणि अभ्यासक त्याचा संबंध कदंबकाळाशी जोडतात. पोर्तुगीज नगरांमध्ये चौकात शिक्षेचा खांब उभारण्याची रीत होती, त्याला ते पेलोरिन्यू म्हणत. गुन्हेगाराला तिथे बांधून फटके मारायचे, अवयव तोडायचे, आणि हे सगळे भर बाजारात, लोकांच्या डोळ्यांदेखत करायचे. या खांबाला बांधून हिंदूंचे हात तोडले जात असत, अशी गोमंतकीयांची पिढ्यान् पिढ्यांची आठवण आहे आणि खांबाचे नावच त्या आठवणीवरून पडले आहे. मी त्याच्याजवळ उभी राहिले तेव्हा फोंड्याकडे जाणाऱ्या बसगाड्या हातभर अंतरावरून धुरळा उडवीत निघून जात होत्या. दगडाचा खालचा भाग माणसाच्या खांद्याच्या उंचीपर्यंत वरच्या भागापेक्षा गुळगुळीत वाटला. तो कशाने झाला हे दगड सांगत नाही, आणि मीही त्यात काही वाचू इच्छित नाही. पण देवळाचा भार पेलायला घडवलेला खांब माणसांना बांधायला वापरावा, हा विचार करवत नाही.

शहरातील शिक्षेचे सर्वांत भयंकर रूप मात्र या खांबाचे नव्हते. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, स्थापन झाले. १७७४ मध्ये ते बंद झाले, १७७८ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि १८१२ मध्ये कायमचे गेले. आदिलशहाच्या जुन्या वाड्यात त्याचे ठाणे होते. सोळा हजारांहून अधिक माणसांवर त्याने खटले चालवले. जाळल्या गेलेल्या माणसांची कथा सर्वांना ठाऊक असते. मला त्याहून अधिक भीती वाटते ती तिथल्या कार्यपद्धतीची. दमणमध्ये पकडून गोव्याला आणलेला फ्रेंच वैद्य शार्ल देलों याने सुटकेनंतर आपला अनुभव लिहिला आणि तो १६८७ मध्ये प्रसिद्ध झाला. आरोपीला त्याच्यावरचा आरोप सांगितला जात नसे. तक्रार कोणी केली तेही सांगितले जात नसे. तुझा गुन्हा तूच आठव आणि तूच कबूल कर, एवढेच त्याला पुन्हा पुन्हा सांगितले जाई. त्याने कबूल केलेला गुन्हा कागदावर नोंदलेल्या गुन्ह्याशी जुळला नाही, तर तो कबुलीजबाब अपुरा ठरे. अशा कोठडीत बसलेला माणूस आपल्या साऱ्या आयुष्याची, शेजाऱ्यांची, नातेवाइकांची झडती घेऊ लागतो आणि कोणी आपल्याला दगा दिला असेल याच्या शोधात ज्यांनी दिला नाही त्यांचीही नावे सांगून बसतो. मी इतकी वर्षे न्यायालयात काढली आहेत. आरोपीला आरोप समजला पाहिजे आणि साक्षीदाराला त्याच्यासमोर प्रश्न विचारता आले पाहिजेत, या दोन नियमांची आम्हा वकिलांना इतकी सवय आहे की ते नियम नसलेल्या जगाची कल्पना करायला देलोंसारखा साक्षीदार लागतो.

मग मिरवणूक निघे. दोषी ठरलेल्यांच्या अंगावर पिवळ्या कापडाचे अंगरखे, त्यांवर तांबडे क्रूस. ज्यांना मरायचे होते त्यांच्या अंगरख्यावर ज्वाळा, सैतान आणि त्यांचे स्वतःचे चित्र. डोक्यावर कागदाच्या उंच टोप्या. नगरातली गर्दी दुतर्फा उभी असे. चर्च स्वतः कोणाला मारत नसे. ते दोषी माणूस राज्याच्या स्वाधीन करी आणि त्याच्याशी दयेने वागावे अशी विनंतीही करी. त्यानंतर राज्य त्याला नदीकाठी जाळत असे. शिक्षा देणारे हात आणि शिक्षा ठरवणारे तोंड वेगळे ठेवले, की दोघांनाही आपण निर्दोष आहोत असे वाटू शकते. ही युक्ती त्या शतकाबरोबर संपली, असे मी म्हणणार नाही. औषधी वनस्पतींचा थोर अभ्यासक गार्सिया द ओर्ता १५६८ मध्ये वारला. त्याची बहीण पुढच्याच वर्षी जाळली गेली आणि १५८० मध्ये खुद्द त्याच्या अस्थी उकरून काढून जाळण्यात आल्या. मेलेल्या माणसालाही शिक्षा होऊ शकते असे मानणाऱ्या व्यवस्थेत गुन्हा म्हणजे कोणाला तरी झालेली इजा नव्हे. तो देवाच्या आणि राजाच्या अधिकाराचा अपमान असतो, आणि गुन्हेगार जिवंत असो वा नसो, त्या अपमानाची भरपाई व्हावीच लागते.

खटला चालवायची गरजही अनेकदा वाटत नसे. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइट पाद्र्यांना आणि त्यांच्यासोबतच्या काही जणांना ठार केले. त्यानंतर गावच्या प्रमुखांना वाटाघाटींच्या निमित्ताने असोळणेच्या किल्ल्यात बोलावून घेतले आणि तिथेच त्यांना मारून टाकले. एक जण तेवढा निसटला. दोन्ही बाजूंनी रक्त सांडले होते हे मी नाकारत नाही. परंतु राज्याने आपल्याच बोलावण्यावरून आलेल्या माणसांना आरोपाविना मारणे याला कोणत्याही काळात शिक्षा म्हणता येणार नाही.

त्यानंतर दोनशे वर्षांनी पिंटोंचे बंड झाले. १७८७ मधील या कटात गोमंतकीय पाद्री, लष्करी अधिकारी आणि कळंगुट-कांदोळीकडची माणसे होती. फितुरीमुळे कट फुटला. डिसेंबर १७८८ मध्ये पंधरा जणांना देहान्त देण्यात आला. घोड्यांच्या शेपट्यांना बांधून त्यांना रस्त्यांतून फरफटत नेले, हात तोडले, फासावर चढवले आणि मुंडकी खांबांवर लावून ठेवली. पणजीच्या मुख्य टपाल कचेरीसमोर, सांतोमेच्या चौकात, हे घडल्याचे सांगतात. पाद्र्यांना लिस्बनला पाठवून खटल्याविना वर्षानुवर्षे किल्ल्यात डांबले. मी त्या चौकातून अनेकदा जाते. तिथे आता फुंतान्यशची जुनी वस्ती बघायला आलेल्या पर्यटकांची वर्दळ असते. मिलानच्या चेझारे बेक्कारियाने १७६४ मध्येच युरोपला सांगितले होते की, गुन्हा रोखते ती शिक्षेची खात्री, तिचे क्रौर्य नव्हे, आणि देहान्ताचा अधिकार कोणत्याही माणसाने राज्याला दिलेला नाही. त्याचे म्हणणे युरोपच्या दरबारांत वाचले जात होते. तरी चोवीस वर्षांनंतर मांडवीच्या काठी मुंडकी टांगली गेली.

म्हणून पुढच्या ऐंशी वर्षांत पोर्तुगालमध्ये जे घडले ते मला विलक्षण वाटते. उदारमतवादी क्रांती झाली, धर्मन्यायालय संपले, १८५२ मध्ये नवी दंडसंहिता आली. मुलकी गुन्ह्यासाठीची शेवटची फाशी १८४६ मध्ये झाली. त्यानंतर न्यायालये देहान्त सुनावत राहिली आणि तो दर वेळी माफ होत राहिला. म्हणजे १८६७ चा कायदा आला तेव्हा फास वापरातून जाऊन वीस वर्षे झाली होती. समाजाने आधी एक गोष्ट करणे थांबवले आणि मग ती कायद्यातून काढली. फाशीच्या जागी या कायद्याने एकान्त-कोठडीतील आजन्म कारावास आणला. तीही काही दयेची शिक्षा नव्हती. पण तिथेही ते थांबले नाहीत. १८८४ मध्ये जन्मठेपही रद्द झाली. माणूस कितीही मोठा गुन्हेगार असो, त्याच्या शिक्षेला शेवट असला पाहिजे, ही गोष्ट त्यांनी एकोणिसाव्या शतकात कायद्यात लिहिली.

इथे मला त्या राजवटीची बाजू घेतल्यासारखे कोणाला वाटेल, तर पुढचे वाचावे. फाशी गेली तरी हद्दपारी राहिली. दादा राणेंना १८९५ च्या बंडानंतर टिमोरला धाडले. लोकमान्यांचे मंडाले आणि सावरकरांचे अंदमान ज्या मराठी वाचकाला पाठ असते, त्याला आमच्या सत्तरीच्या राण्यांचे टिमोर अनेकदा माहीतच नसते, याची मला खंत वाटते. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळात तर पुस्तकातला कायदा आणि कोठडीतला व्यवहार यांचा संबंध उरला नाही. १९४६ च्या १८ जूनला मडगावात डॉ. लोहियांची सभा झाली आणि त्यानंतर त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा ठोठावून पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात ठेवले. अस्नोड्याचे बाळा राया मापारी फेब्रुवारी १९५५ मध्ये पोलीस कोठडीतील छळाने मरण पावले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पत्रादेवी, तेरेखोल आणि इतर सीमांवर आलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक जण ठार झाले. कासिमिरो मोंतेरो नावाच्या पोलीस अधिकाऱ्याच्या नुसत्या नावाने गावे चिडीचूप होत. हाच मोंतेरो पुढे १९६५ मध्ये पोर्तुगालचे विरोधी नेते जनरल देल्गादो यांच्या खुनात होता. फाशी नसलेल्या राज्याने माणसे मारली ती फासाशिवाय मारली.

मोहन रानडे यांचे उदाहरण मला इथे फार महत्त्वाचे वाटते. सांगलीहून आलेला हा तरुण सावईवेऱ्याला मराठी शिकवत असे. बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात ऑक्टोबर १९५५ मध्ये तो जखमी होऊन पकडला गेला आणि त्याला २६ वर्षांची शिक्षा झाली. लिस्बनजवळच्या कारागृहात त्याने एकान्तवास भोगला. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला आणि रानडे सुटले जानेवारी १९६९ मध्ये. ज्या कारणासाठी शिक्षा झाली ते कारणच उरले नव्हते, तरी शिक्षा सात वर्षे चालू राहिली. परंतु ते परत आले. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके आणि इतर अनेकांना खटपट करता आली, दारे ठोठावता आली, कारण सोडवायला माणूस जिवंत होता. ब्रिटिश हिंदुस्थानात पोलीस ठाण्यावर सशस्त्र हल्ला करणाऱ्या क्रांतिकारकाचे काय झाले असते, हे मराठी वाचकाला सांगायची गरज नाही. चापेकर बंधूंचा इतिहास आपल्यापुढे आहे. पोर्तुगीज राजवट ब्रिटिशांहून दयाळू नव्हती, उलट शेवटच्या वर्षांत ती अधिक निर्दय होती. तरीही १८५२ आणि १८७० च्या त्या ओळी पुस्तकात असल्यामुळे तिच्या न्यायाधीशाच्या हातात फास नव्हता.

हे झाले राज्याचे. गावात शिक्षेचे दुसरेच जग होते आणि त्याचा शेवटचा तुकडा मी स्वतः पाहिला आहे. मी शाळेत असताना आमच्या फोंडा महालातल्या घरातून तांब्याचा मोठा हंडा चोरीला गेला. घरातील वडीलधाऱ्यांनी पोलिसांत वर्दी दिली नाही. आजी देवळात गेली. गुरवाने देवाच्या पाषाणमूर्तीवर पाण्याने भिजवलेल्या फुलांच्या पाकळ्या उजव्या-डाव्या अंगाला ओळीने चिकटवल्या, गाऱ्हाणे घातले आणि आम्ही सगळे त्या काळ्या, ओल्या दगडाकडे डोळे लावून बसलो. समईच्या उजेडात पाकळीची कड सुकत जाते, किंचित उचलते, आणि मग एक पाकळी सुटून खाली येते. कौल कोणता मिळाला हे आता आठवत नाही, पण प्रसाद लावल्याची बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली. दुसऱ्या दिवशी आमच्या भाटात, म्हणजे बागायतीत, राहणाऱ्या मुंडकाराने आपल्या मुलाला हाताला धरून अंगणात आणून उभे केले. हंडा परत आला. मुलाने देवापुढे नारळ ठेवला आणि जत्रेपर्यंत देवळाचे आवार झाडण्याचे काम त्याच्यावर पडले. आजी त्याच्या आईला एवढेच म्हणाली, "झाले ते देवाच्या पायांशी सोड, आता पोराला जेवायला घाल."

बरीच वर्षे मी ही आठवण न्यायाचा सुंदर नमुना म्हणून मनाशी धरून होते. तुरुंग नाही, कलंक नाही, वस्तू परत, माणूस गावात परत. पुढे मुंडकारांचे दावे चालवू लागले तेव्हा त्या प्रसंगाची दुसरी बाजू दिसली. त्या कुटुंबाचे घर आमच्या जमिनीवर होते. १९७५ चा मुंडकार कायदा तेव्हा यायचा होता किंवा नुकताच आला होता, आणि कागदावरचे संरक्षण त्यांच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचले नव्हते. आजीने "घर खाली कर" म्हटले असते तर त्या बापाला दाद मागायला जागा नव्हती. त्याने मुलाला अंगणात आणले ते देवाच्या भीतीने की आमच्या, हे मी कोणालाच विचारले नाही. जुन्या गावन्यायाची दया मालकाच्या मर्जीवर अवलंबून होती आणि त्याची शिक्षा जातीवर. पेशवाईतही ब्राह्मणाला देहान्त सहसा नसे आणि खालच्या जातीच्या माणसाला त्याच गुन्ह्यासाठी अवयव गमवावे लागत. गावाने वाळीत टाकले की विहीर, स्मशान, लग्नकार्य सारे बंद होई, आणि महाराष्ट्राला त्याविरुद्ध २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. म्हणून "पूर्वी गावातच न्याय होत असे" असे कोणी हळहळून म्हणाले की मी विचारते, कोणाचा?

तरीही त्या आवार झाडण्यात काहीतरी होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत किरकोळ गुन्ह्यांसाठी सामुदायिक सेवेची शिक्षा प्रथमच आली आहे. ती मालकाच्या मर्जीने नव्हे तर न्यायाधीशाच्या आदेशाने होईल, सर्वांना सारखी लागू होईल, हा फरक लहान नाही. मला या तरतुदीचे मनापासून स्वागत करावेसे वाटते.

आता पुन्हा १८७० च्या त्या दुसऱ्या कायद्याकडे. मुक्तीनंतर गोवा, दमण आणि दीव (कायदे) नियमन, १९६२ अन्वये भारतीय कायदे टप्प्याटप्प्याने इथे लागू करण्यात आले. नागरी संहिता राहिली. फौजदारी बाजू मात्र पूर्ण बदलली आणि पोर्तुगीज दंडसंहितेच्या जागी १८६० ची भारतीय दंडसंहिता आली. मेकॉलेने ज्या संहितेचा पहिला मसुदा १८३७ मध्ये तयार केला होता, जिच्या आधारे टिळकांना मंडालेला आणि चापेकरांना फासावर पाठवले गेले, ती संहिता गोव्यात भारतीय स्वातंत्र्याच्या हातून आली आणि तिच्यासोबत जवळजवळ एका शतकानंतर फाशीही आली. देशभर एकच फौजदारी कायदा असावा हे म्हणणे रास्त आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. सालाझारच्या पोलिसांपासून सुटका झाली याचा आनंद ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांच्याकडून मी ऐकला आहे आणि तो माझाही आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, नागरी संहिता ठेवावी की नाही याची चर्चा त्या काळी झाली आणि आजही होते, पण फाशी परत आणावी की नाही हा प्रश्न गोमंतकीयांना कोणी विचारला नाही आणि त्यांनीही तो स्वतःला विचारला नाही.

भारतीय कायदा त्यानंतर बराच मवाळ झाला आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने खुनासाठी जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद केला आणि फाशी द्यायची तर तिची खास कारणे लिहिणे न्यायाधीशावर बंधनकारक केले. १९८० च्या बचन सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने दुर्मिळातील दुर्मिळ प्रकरणातच फाशी द्यावी अशी मर्यादा घातली. विधी आयोगाने २०१५ मधील आपल्या २६२ व्या अहवालात दहशतवाद आणि युद्धासंबंधीचे गुन्हे वगळता फाशी रद्द करावी अशी शिफारस केली. नव्या न्याय संहितेने ती शिफारस स्वीकारली नाही. फाशीही ठेवली आणि झुंडीने केलेल्या हत्येसारख्या गुन्ह्यांमध्ये तिची नवी तरतूदही केली.

आणि गंमत नव्हे, गंभीरपणे पाहण्यासारखी गोष्ट अशी की, १८६७ चा तो विसरलेला कायदा एका वेगळ्याच वाटेने भारताच्या न्यायालयात येऊन उभा राहिला. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतील आरोपी अबू सालेम २००२ मध्ये लिस्बनमध्ये पकडला गेला. फाशी किंवा न संपणारा कारावास होणार असेल तर पोर्तुगाल माणूस सोपवत नाही. म्हणून भारत सरकारने लेखी हमी दिली की त्याला फाशी दिली जाणार नाही आणि पंचवीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात ठेवले जाणार नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये तो भारताच्या ताब्यात आला. पुढे त्याला जन्मठेप झाली तेव्हा या हमीचा प्रश्न उपस्थित झाला आणि जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, दिलेला शब्द सरकारला पाळावा लागेल. शेकडो माणसांच्या मृत्यूशी संबंध असलेल्या गुन्हेगाराला जे संरक्षण मिळाले, ते एखाद्या गरीब, वकील न परवडणाऱ्या, पोर्तुगालला कधीच न गेलेल्या आरोपीला मिळत नाही. यावर अनेकांनी संताप व्यक्त केला. मलाही तो निकाल वाचताना स्फोटात गेलेल्यांच्या घरच्यांची आठवण झाली. पण मर्यादेचे तत्त्व चुकीचे आहे असे मला त्यावरून वाटले नाही. ते फक्त एकाला आणि तेही एका परक्या देशाच्या आग्रहाने मिळावे, हे मला सलते.

शिक्षेचा इतिहास सांगताना आपण फाशीवर थांबतो, कारण ती डोळ्यांत भरते. तुरुंग डोळ्यांत भरत नाही. आग्वादच्या किल्ल्यातील कारागृह २०१५ मध्ये बंद झाले, कैदी कोलवाळच्या नव्या मध्यवर्ती कारागृहात गेले आणि १९ डिसेंबर २०२१ पासून आग्वादच्या जुन्या कोठड्यांमध्ये स्वातंत्र्यसैनिकांच्या स्मृतींचे संग्रहालय आहे. रेइश मागुशच्या किल्ल्यातही १९९३ पर्यंत तुरुंग होता आणि आता तिथे लोक मांडवी पाहायला जातात. शिक्षा चौकातून किल्ल्यात गेली, किल्ल्यातून कोलवाळच्या भिंतींआड गेली. बसच्या खिडकीतून ती आता दिसत नाही. देशातल्या तुरुंगांत चारांतले तीन जण कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. प्रथमच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल तर त्याला जामिनावर सोडावे, असे फौजदारी प्रक्रियेची नवी नागरिक सुरक्षा संहिता कलम ४७९ मध्ये सांगते. जन्मठेपेच्या आणि फाशीच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही. हा नियम कोलवाळमध्ये आणि इतरत्र खरोखर किती काटेकोरपणे पाळला जातो, यावर माझ्या फौजदारी बाजूच्या तरुण सहकाऱ्यांनी लक्ष ठेवावे असे मी त्यांना सांगत असते, कारण अर्ज करायलाच कोणी नसेल तर कलम पुस्तकात झोपून राहते.

राहता राहिला गोव्याचा प्रश्न. फौजदारी कायदा हा संविधानाच्या सामाईक सूचीतला विषय आहे. राज्याच्या विधानसभेला त्यात दुरुस्ती करता येते आणि अनुच्छेद २५४ (२) प्रमाणे राष्ट्रपतींची संमती मिळाली तर केंद्रीय कायद्याहून वेगळी असलेली ती दुरुस्ती त्या राज्यापुरती लागू होते. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये 'दिशा' आणि महाराष्ट्राने २०२० मध्ये 'शक्ती' हे विधेयक याच वाटेने आणले आणि दोन्हींचा रोख बलात्काराच्या गुन्ह्यांत फाशीची तरतूद वाढवण्याकडे होता. त्यामागचा लोकांचा संताप मी समजू शकते. मात्र तीच वाट उलट दिशेनेही चालता येते. न्याय संहितेतील देहान्ताची शिक्षा गोवा राज्यापुरती वगळणारे विधेयक पर्वरीच्या विधानसभेत मांडता येईल. राष्ट्रपतींची संमती मिळणे कठीण आहे हे मला माहीत आहे, पण चर्चेला संमती लागत नाही. नागरी संहितेसाठी १८७० चा दाखला देणाऱ्या सदस्यांनी त्याच वर्षीचा दुसरा हुकूमही पटलावर ठेवावा, दोन्ही एकत्र वाचावेत, आणि गोव्याने जो हक्क नव्वदहून अधिक वर्षे अनुभवला तो परत का मागू नये, हे सभागृहात उभे राहून सांगावे.